राहिलेले आठ डोस

५ जानेवारी, सोमवार

आले बाई एकदाची सोलापुरात! वळसंगहून एसटीत उभ्यानेच आले. एका हातात चार साड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात शेंगाचटणीचा डबा. पाय दुखले, पण मन एकदम हलकं आहे.

विजापूर वेशीजवळच्या गल्लीत खाली कासीमभाईंचं मेडिकल आणि वर घर. घरात माणसं मोजकी. स्वतः कासीमभाई, त्यांची सून नाजनीन आणि नात झीनत, चार वर्षांची. मुलगा मोईन ट्रकवर असतो, कधीमधी येतो. नाजनीन बँकेत नोकरीला जाते, म्हणून झीनतला सांभाळायला राहती बाई हवी होती. मला मागची खोली मिळाली. खोलीच्या दारातच मोरी आहे आणि तिच्या पलीकडे जिना. मोरीचं जाळीचं झाकण जरा हलतं, पायाला लागतं. बाकी नाव ठेवायला जागा नाही.

ही डायरी कासीमभाईंनी दिली. औषध कंपन्या नव्या वर्षाला दुकानदारांना वाटतात, त्यातली. प्रत्येक पानाच्या तळाशी औषधाची जाहिरात. म्हणाले, बारावी शिकलेल्या आहात, लिहायची आवड असेल तर ठेवा. झीनतने मला आल्या आल्या कामाला लावलं, तिच्या बाहुलीचं नाक पुसायला सांगितलं. मी पुसलं. चटणी सगळ्यांना आवडली. कासीमभाईंनी दोनदा मागून घेतली.

६ जानेवारी, मंगळवार

कालचं सगळं खरंच लिहिलं, फक्त एक सोडून. मी इथे पोट भरायला आलेली नाही.

माझी लेक शिवलीला. घरात आम्ही तिला लीलू म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी याच महिन्यात तिला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं. ती चिठ्ठी घेऊन मी खालच्याच दुकानात आले होते. या माणसाने चिठ्ठीवरच्या कंपनीची बाटली दिली नाही, दुसरीच दिली. औषध तेच आहे बाई, कंपनी वेगळी, असं म्हणाला. लीलू अकराव्या दिवशी गेली. तेव्हा ती चार वर्षांची होती, झीनतएवढीच.

आणि त्याला माझा चेहरासुद्धा आठवत नाही! काल माझ्या हातची चटणी बोटं चाटून खाल्ली त्याने. दोन वर्षं मी याची वाट पाहिली आहे. त्याचंही लेकरू त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच दुकानातली बाटली उशाशी असताना तडफडलं पाहिजे. त्याशिवाय मला झोप लागायची नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

मला काही करावंच लागलं नाही. झीनत दोन दिवस खोकत होती, आज अंगात चटका बसावा असा ताप. नाजनीन रडून रडून अर्धी झाली. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. न्यूमोनियाच. रोज दोन वेळा अँटिबायोटिक, सात दिवस.

कासीमने बाटली स्वतः तयार केली. आतली पावडर हलवून मोकळी केली, उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत ओतलं, पुन्हा हलवलं. संत्र्याचा वास सुटला. लीलूच्या बाटलीलाही हाच वास होता. कागदावर चौदा चौकटी आखून त्याने तो कपाटाला चिकटवला. सकाळी आठ, रात्री आठ. दिला डोस की बरोबरची खूण करायची. उतार पडला तरी मधेच बंद करायचं नाही, जंतू अर्धमेले राहिले तर दुप्पट जोराने उठतात, असं त्याने मला दोनदा बजावलं.

त्या वेळीही हेच बोलला होता. तोंडपाठ आहे मेल्याला.

पहिला डोस मीच दिला.

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी सहावा डोस झाला. ताप उतरला, झीनतने खिचडी मागून खाल्ली. नाजनीनने तीन दिवसांची रजा संपवली आणि बँकेत गेली. जाताना माझे हात हातात घेऊन म्हणाली, ताई, तुम्ही होतात म्हणून मी उभी राहिले. मी मान हलवली. वाईट वाटलं का? वाटलं. पण माझ्या वेळी कुणाला वाटलं होतं?

रात्री आठ वाजता सातवा डोस टोपणात मोजून घेतला, खुणेबरोबर. खोलीच्या दाराशी आले आणि मोरीत ओतला. कागदावर खूण केली. हा धरून राहिलेले आठही डोस असेच जाणार. त्याने सांगितलंच आहे ना, दुप्पट जोराने उठतात म्हणून? बघू दे उठताना.

एक लिहून ठेवते. औषध ओतल्यावर मोरीतून घुटका गिळल्यासारखा आवाज आला. पाइपात हवा अडकली असेल.

१३ जानेवारी, मंगळवार

सकाळी आठवा ओतला. पुन्हा तोच घुटका. आणि मग खोकला. झीनत तेव्हा दिवाणखान्यात बाहुलीशी बोलत होती, मी तिला बघत होते. खोकला मोरीतून आला.

तो खोकला मी ओळखते. आधी दोन कोरडे, मग एक लांबलेला, शेवटी कण्हणं. अकरा दिवस ऐकलाय.

दुपारी डायरी उघडली तर कालच्या पानावर, जाहिरातीच्या शेजारी, दोन उभ्या रेघा. वाकड्या, चिकट, संत्र्याच्या वासाच्या. लीलू बालवाडीत एवढंच शिकली होती, उभी रेघ. मी त्या रेघांवर गाल ठेवून खूप रडले. भीती नाही वाटली. माझी पोर आली आहे. आईने काढलेला सूड बघायला आली आहे.

रात्री नववा ओतताना मी मोरीपाशी बसले आणि म्हणाले, घे राणी, पी. झाकण आपोआप जरासं उचललं गेलं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. शेजारणीने तिळगूळ आणून दिला. झीनतने एक लाडू तोंडात धरला आणि थुंकला. ताप परत आला आहे. कासीम कागदापाशी उभा राहून खुणा मोजत होता, एकदा, दोनदा, तीनदा. म्हणाला, डोस तर एकही चुकलेला नाही, मग कसं? त्याच्या कपाळावर घाम आला होता. मी दोन वर्षं हा चेहरा बघायला थांबले होते. बघितला. पोट भरलं नाही.

सकाळी दहावा ओतला होता. त्यानंतर मोरीपासून माझ्या खाटेपर्यंत ओली पावलं उमटली. छोटी, पाच बोटांची. मी पुसली. परत उमटली, खाटेच्या जास्त जवळ.

रात्री अकरावा ओतला. तेव्हा आवाज स्पष्ट आला. आई, आजून किती ऱ्हायलं? मी म्हणाले, तीन. तर म्हणाली, आन् आदी का न्हाय दिलं?

आदी का न्हाय दिलं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही, देवाला नाही. आता लिहिते. लीलूला सहाच डोस मिळाले होते. चौथ्या दिवशी ताप उतरला. माझी सासू गोजरबाई म्हणाली, उतार पडला न्हवं? मग कशाला आजून ते इख पाजतीस लेकराला? उतारा टाक, ताप औषदासकट जाऊ दे घरातनं. मला पटलं. मलाच पटलं, तिने जबरदस्ती केली नाही. बारावी शिकलेली मी! भाकरीचा तुकडा, दहीभात, कुंकू लावलेलं लिंबू लीलूवरून ओवाळलं, पत्रावळीवर ठेवलं, वर ती अर्धी भरलेली बाटली, आणि गावाबाहेर तीन वाटा फुटतात त्या तिकटीवर नेऊन ठेवलं.

उतारा ठेवला की मागे वळून बघायचं नाही. हाक आली तरी नाही. मी परत निघाले आणि हाक आली. आई, थांब की. आई, मागं बघ की. लीलू अनवाणी माझ्या पाठोपाठ आली होती. मला कळलं होतं तो तिचाच आवाज आहे. तरी मी वळले नाही. घरी आले. अर्ध्या तासाने सासूने जाऊन तिला आणलं. ती उताऱ्याशेजारी थंडीत बसून बाटलीचं टोपण उघडू बघत होती.

दुसऱ्या दिवशी ताप चढला तो उतरलाच नाही.

कंपनी वेगळी होती म्हणून काही झालं नाही. मी दोन वर्षं स्वतःला फसवलं.

१५ जानेवारी, गुरुवार. सकाळ

बारावा घेऊन मोरीपाशी गेले. झाकण उघडंच होतं. आत केस दिसले. ओले.

झीनतकडे बघितलं. नाकपुड्या फुलत होत्या, दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. लीलूला आठव्या दिवशी असाच पडत होता. तिने माझ्याकडे हात केले, कडेवर घे म्हणून.

मला नाही जमलं. टोपण झीनतच्या ओठांना लावलं. अर्धं सांडलं, अर्धं प्यायली. मागे मोरीत कुणीतरी झाकण आपटलं. मग मी जिन्यावरून ओरडत खाली गेले आणि दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, कासीमभाईंना सगळं सांगितलं.

मला वाटलं मारतील. ते हळूच म्हणाले, तुम्हाला मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तुमची चिठ्ठी, तुमच्या मुलीचं नाव, सगळं आठवतं मला. म्हणून तर तुम्हाला ठेवून घेतलं. वाटलं, जिचं लेकरू यात गेलं ती बाई एक डोससुद्धा चुकू द्यायची नाही.

ते झीनतला रिक्षात घेऊन हॉस्पिटलात गेले. बाटली डॉक्टरांना दाखवायला सोबत नेली. जाताना एवढंच म्हणाले, आम्ही यायच्या आत निघून जा.

दुपार

पिशवी भरली. खोलीबाहेर पडायचं तर मोरीवरूनच जावं लागतं. झाकण नाही जागेवर. कुठेच नाही. दोनदा गेले, दोनदा मागे आले. मोरीच्या काठावर चार बोटं आहेत. नखं निळी.

सोमवारच्या पानावर रेघा पाच झाल्या. सात ते अकरा. बारावी नाही. तिला माहीत आहे मी बारावा कुणाला दिला.

संध्याकाळ, सहा

नाजनीनचा फोन आला. शिव्या द्यायला केला होता, पण रडतच राहिली. झीनतला प्राणवायू लावला आहे, सुईतून जोरकस औषध चालू आहे, डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत, वाचेल. वाचेल ना ती? वाचू दे. देवा, तेवढं—

नाजनीनने फोन ठेवता ठेवता विचारलं, ताई, तुमच्याजवळ कोण खोकतंय?

साडेसात

लीलू, मी म्हणाले, औषध नाही बाळा आता. बाटली गेली. आजपर्यंत जेवढं दिलं तेवढंच.

ती म्हणाली, दुसऱ्यांदी.

हो. दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा अर्ध्यात सोडलं तिला. मला वाटत होतं ती माझ्या बाजूने आली आहे—त्याचा सूड बघायला—नाही. तिचा हिशोब माझ्याशी आहे. पहिल्यापासून माझ्याशीच होता.

पावणेआठ

अंग तापलंय माझं. छातीत—श्वास घेतला की टोचतं. दोन कोरडे, मग एक लांबलेला. खोकला माझाच आहे. तिचा थांबला आहे.

दाराकडे पाठ करून बसले आहे. ओली पावलं खाटेच्या खाली येऊन—

या पानावर एक रेघ उमटली. माझ्या शाईवरूनच. मी लिहीत असताना.

आठ

संत्र्याचा वास. कुंकवाचा. आंबलेल्या दहीभाताचा. काहीतरी ओवाळतेय ती माझ्यावरून—एकदा—दोनदा—

मानेवर गार बोटं.

आई, मागं बघ की.

त्या दिवशी बघितलं असतं तर—

मागं बघ की, आई.

बघते गं राणी. थांब, एवढं लिहून—बघते, ही बघ, वळले—तुझ्या हातात ते