चार पूर्णांक पाच शतांश

प्रिय इंद्रजित भाऊजी,

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे बरे आहेत. मामांचा गुडघा धरलाय, पण सकाळी उसाला फेरी मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. तुम्ही फोन उचलत नाही, आणि उचललात तरी माझ्या शेजारी तुमच्या आई, आत्याबाई, कान देऊन असतात, म्हणून लिहितेय. तुमच्या दादांचं वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्याच दिवशी आत्याबाईंनी तुमच्या-माझ्या लग्नाचं काढलं. तेव्हापासून तुम्ही पलूसहून इस्लामपूरला फिरकला नाहीत. मी काही तुम्हाला खाल्लं नसतं.

प्रांजलचे सध्या दशांश अपूर्णांक चाललेत. बाईंनी ‘चार पूर्णांक पाच शतांश’ लिहायला सांगितलं, तर आपल्या विदुषीनं ४.५ लिहून आणलं. पुढची सगळी उदाहरणंही तशीच. शून्य कुठं गेलं विचारलं तर म्हणते, “आई, त्याला किंमतच न्हाई, मग कशाला लिवायचं?” तुम्ही असता तर तिला तुमच्या वर्कशॉपातल्या गोष्टी सांगून गप्प केलं असतं. ४.०५ मिलिमीटरचं भोक साडेचारचं पाडून आलात त्या दिवशी तुम्हीच म्हणाला होतात ना, “वहिनी, झिरो इसरला की जॉबचा तुकडा भंगारात, आन् त्याच्या मागनं आमी.” तुमचे दादा तेव्हा पलटणीतून सुट्टीवर आलेले होते. लय हसले होते.

शेवटी मी फरशीवर खडूनं घरं आखली. एककाच्या घरात चार, मग टिंब, मग दशांशाचं घर, त्याच्यापुढं शतांशाचं. दशांश एकही नाही म्हणून तिथं शून्य. शून्य पुसलं की शतांशातला पाच सरकून दशांशाच्या घरात येतो आणि काही न करता दहापट होतो. आकडा तोच, भार मात्र दहापट. प्रांजलनं शून्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “म्हंजे त्या घरात कुणी न्हाई, हे बी लिवायला लागतं?” मी हो म्हटलं. आत्याबाई शेंगा फोडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “आगं, रिकामं घर कशापायी ठेवायचं? सरकू दे की बारक्याला.” त्या गणिताचंच बोलत होत्या का, ते मी विचारलं नाही.

मला राग आलाय असं समजू नका. मला सध्या काहीच येत नाही, राग नाही की रडू नाही. भाकरी करते, पोरीच्या वेण्या घालते, टीव्हीवर लागलेलं संपेपर्यंत बघते, आणि काय बघितलं विचारलंत तर सांगता येणार नाही. परवा तव्याला हात लागला, ते फोड आल्यावर कळलं. आत्याबाईंचंही काही चुकत नाही. पलटणीची गाडी दरीत गेली आणि एक लेक गेला. आता सून आणि नात तरी घराबाहेर जाऊ नयेत, एवढंच त्यांच्या पोटात आहे. त्यांचा मला लळा आहे. पण लळा आहे म्हणून हे करता येत नाही.

रविवारी भावकी बसणार आहे, मलकापूरचे आप्पासो काकाही येतायत. ते तुम्हाला विचारतील आणि तुम्ही मान खाली घालून, दादांसाठी म्हणून, हो म्हणाल. मी तुम्हाला शाळेच्या चड्डीपासून बघितलंय, मला माहीत आहे. म्हणू नका, एवढं सांगायला हे पत्र. प्रियदर्शनीचा फोटो तुम्ही आईच्या आधी मला दाखवला होता. ती मुलगी मला पसंत आहे, हे रविवारी चारचौघांत मीच सांगणार, आणि ‘नाही’सुद्धा मीच म्हणणार. आत्याबाई बोलतील, भावकी नावं ठेवेल. ठेवू दे, सध्या मला काही लागत नाही, तेवढा तरी उपयोग होईल. घर सोडून मी कुठं जात नाही. तुम्ही फक्त या, आणि उंबऱ्यातूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, मला रोजची हाक मारा. पुढचं मी बघते.

तुमची वहिनीच,
पल्लवी