काचेवरची पांढरी रेघ

३ फेब्रुवारी १९८६
नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. चारकोपच्या आमच्या कोळीवाड्यातून बोरीवलीच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन म्हणून जाणारी मी पहिलीच. आईने बाजारातल्या सगळ्या मावश्यांना सांगून ठेवलंय, कमळ आता डॉक्टरीण झाली. नॅशनल पार्कच्या कडेला बैठी इमारत, मागच्या खोलीत साठ पांढरे उंदीर. त्यांना सांभाळणारे धोंडिराममामा साताऱ्याकडचे. प्रत्येक पिंजऱ्याशी बोलतात. मला डब्यातली अर्धी भाकरी दिली.

११ फेब्रुवारी
श्यामसुंदर सरांनी काम समजावलं. उंदरांच्या पाण्यात मामा स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घालतात. त्याने अंगातली प्रतिकारशक्ती खचते आणि फुप्फुसात निपचित पडलेला जंतू वाढायला लागतो. त्याचे विरघळलेले अंश, म्हणजे अँटिजेन, रक्तात उतरतात. काचेवर जेलीचा थर, त्यात दोन भोकं. एकात उंदराचं सिरम, म्हणजे रक्तातलं निवळ पाणी, दुसऱ्यात त्या जंतूला ओळखणारं सिरम. वीज सोडली की दोन्ही एकमेकांकडे सरकतात. जंतू असला तर मधे बारीक पांढरी रेघ. उंदीर खातपीत असतानाच कळतं, हे सांगताना सर अगदी खूश होते.

२६ फेब्रुवारी
आईचे गुडघे सुजलेत, मासळीची पाटी उचलवत नाही, असं मामांना सहज बोलले. त्यांनी लगेच गोळ्यांची कागदी पुडी दिली. त्यांचेही सांधे दुखतात, ते स्वतः दोन महिन्यांपासून त्याच घेतात म्हणे.

८ मार्च
आई आज परत मासळीबाजारात बसली! चेहरा कसा गोल भरलाय. म्हणाली, "गुडगं हलकं झालं गो. तुज्या मामाला बोंबील दे." दिले. मामांनी आणखी पुड्या दिल्या.

२ एप्रिल
पाच उंदरांची रेघ उमटली. दिसायला धडधाकट. मामांना कोरडा खोकला झालाय. पिंजरा उचलताना मधेच थांबतात.

१० एप्रिल
पाचही मेले. तोंडं उघडी, बरगड्या आत ओढलेल्या. सरांनी एकाचं फुप्फुस कापून दाखवलं. हवा नाहीच, कलेजीसारखं घट्ट. मामा कामावर आले नाहीत.

११ एप्रिल
मामा इस्पितळात आहेत. गोळ्या कुटायचं काम माझ्याकडे आलं. डबा उघडला — चिमुकल्या, पांढऱ्या, मधे खाच. पुडीतल्याच.
तशीच इस्पितळात गेले. मामांच्या नाकाला नळी. तुटक तुटक बोलले. माणसांच्या सांध्यांनाही हेच देतात, असं त्यांनी सरांच्या तोंडून ऐकलं होतं. मी विचारलं, उंदरांचं काय होतं ते रोज बघत होतात ना?
"मला वाटलं, रोग आपण त्यांना टोचतो."

१२ एप्रिल
सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, गोळ्या एकदम बंद करू नकोस, तेही वाईट, आधी डॉक्टरला दाखव — पण आई यायला तयार नाही. बरी आहे म्हणते.

१४ एप्रिल
मामा गेले. सकाळी.
घरी आले तर आई पाटी ठेवून ओट्यावर टेकलेली. खोकली. कोरडं —
खारं वारं बाधलं, म्हणाली.

१५ एप्रिल
आईचं रक्त घेतलं. ही चाचणी उंदरांची, माणसाच्या बाबतीत भरवसा धरू नकोस, असं सर म्हणाले. काच मात्र त्यांनीच तयार करून दिली. शेजारी निरोगी उंदराचं सिरम. तिथे काही नाही. आईच्या सिरमसमोर —
दिवा जवळ घेतला. डाग असेल. मीठपाण्याने धुतली.
रेघ तशीच.
सर हाक मारतायत. बाहेर रिक्षा — शेजारच्या मथुरामावशीने आईला धरलंय — आईचं तोंड उघडं, बरगड्या —