बेटावर उतरण्याआधी

संग्रामपूर,
सोमवार, ता. १७ जानेवारी १९३८

श्रीयुत रंगराव यांस,
सादर नमस्कार विनंती विशेष.

अविवाहित मुलीने परक्या गृहस्थास पत्र लिहावे, हे धाडस क्षम्य नाही, हे मी जाणते. तरी क्षमा मागूनच लेखणी उचलली आहे. आपल्या मातोश्रींची प्रकृती उत्तम असेल, अशी आशा आहे. येथे सर्व कुशल.

शनिवार-रविवार आम्ही सारे पूर्णेकाठी तानुआत्यांकडे होतो. आत्या म्हणजे बाबांच्या थोरल्या भगिनी. काल नदीतील वाळूच्या बेटावर रोडग्यांचे जेवण ठरले. मी यापूर्वी होडीत पाऊलही ठेवले नव्हते! शकूरचाचा बांबूने होडी रेटीत होते आणि पाठीमागून असा वारा सुटला होता, की मला भूगोलातील गलबते आठवली. "शीड लावले तर?" मी पुटपुटले. कोणी ऐकले नाही. पुन्हा पुटपुटले. अखेर आत्यांच्या कानी गेले आणि त्यांनी बोचक्यातून आपले नऊवारी लुगडेच काढून दिले!

शकूरचाचा म्हणाले, "होडी एवढुशी, अन् लुगडं तं जहाजाचं हाये, बाई!"

पण ते फुगले! जांभळे लुगडे पोट काढून ताणले गेले, पाणी सळसळत मागे पळू लागले, आई होडीची कड घट्ट धरून देवाचा धावा करू लागली, आणि मी मोठ्याने हसत होते. आपण पाहून गेलात ती मुलगी हीच, यावर आपला विश्वास बसणार नाही.

त्या दिवशी आपण मला विचारलेत, "हे स्थळ तुमच्या मनास येते का?" मी पाटाभोवतीच्या रांगोळीकडे पाहत राहिले. मुलीच्या तोंडून होकार ऐकल्याखेरीज पुढचे बोलणे नाही, असे सांगून आपण गेलात. "पोरीले काय इचारतात? तिचा बाप काय मेला?" असे म्हणून बाबांनी दुसरे स्थळ पाहिले आणि येत्या शुक्रवारी त्या दुसरबीडच्या मंडळींना साखरपुड्यास बोलाविले आहे.

बेटावर बाबा आधी उतरले. बायकांची वाट मात्र आत्यांनी अडविली. "नाव घ्या, मंगच उतरा." आईने घेतले:

"पूर्णेच्या पाण्यात शिडाची सावली,
भगवानरावांचं नाव घेताना मी नाही लाजली."

आत्या बाजूस झाल्या. कुमारिकेस कोण अडविणार? पण वारा अजून माझ्या कानांत होता. इतकी वृत्ते पाठ असून यमक सुचले नाही. मी नुसतेच म्हटले, "रंगराव."

"काय म्हनलं व पोरी?" आत्या ओरडल्या. "लगनाच्या आधीच?" शकूरचाचांनी तोंड फिरवून हसू दाबले.

बाबा रोडगे भाजण्यासाठी गोवऱ्या पेटवू लागले. रोडगे झाले, वरण झाले. मग हात धुता धुता म्हणाले, "मले काऊन ऐकवतेस? ज्यानं इचारलं त्याले लिही. शुक्करवारच्या आत तो आला, तं पाहू."

म्हणून हे पत्र. मधल्या काळात आपला विचार पालटला असल्यास दोष माझ्याच मौनाचा आहे. तसे असेल तर उत्तराचीही तसदी घेऊ नये. पालटला नसेल, तर शुक्रवारपूर्वी यावे. हे स्थळ माझ्या मनास येते.

खाली नुसते नाव लिहिणे शिष्टाचारास धरून झाले असते. ते माझ्याने होत नाही.

आपली,
शालू

टपालात टाकले: मंगळवार, ता. १८ जानेवारी १९३८, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे.