शनिवारचा खड्डा

रोवानिएमी, मार्च

प्रिय बाबा,

तुम्ही म्हणाल, दर रविवारी फोनवर बोलतोच की, मग कागद काळे करायचं हे खूळ कशाला? फोनवर तुम्ही मला गुंडाळता, म्हणून. "कॉफी उतू चालली", "शेजारची हिल्का दारात उभी आहे", तुमच्याकडे कारणांची कधी तूट नसते. पत्र मध्येच तोडता येत नाही. शेवटपर्यंत वाचा.

माझा संशयी स्वभाव कुणावर गेलाय हे वेगळं सांगायला नको. आपल्या परसात मी अँटेनांचे खांब रोवले तेव्हा तुम्ही प्रत्येक खांबाभोवती फेरी मारली होतीत. "वर बघतात म्हणतेस, पण माझ्याकडे बघत नाहीत कशावरून?" मी हसले होते. बाबा, ते बघत नाहीत, ऐकतात. आकाशातून सतत रेडिओची खरखर येत असते. पृथ्वीभोवती अडकलेले वेगवान इलेक्ट्रॉन वरून हवेत कोसळले, की ती खरखर वाटेत थोडी गिळली जाते आणि आमच्या आलेखात खड्डा पडतो. त्या खड्ड्यांवर तुमच्या लेकीचं पोट चालतं.

नोव्हेंबरपासून आपल्या परसाच्या आलेखात एक नवा खड्डा पडू लागला. दर आठवड्याला, संध्याकाळी, रुंद आणि गुळगुळीत. माझा सहकारी यार्मो नाचायचाच बाकी राहिला होता. सूर्याला स्वतःभोवती फिरायला साधारण सत्तावीस दिवस लागतात. त्याच्यावरून वाऱ्याचे चार झोत सुटत असतील तर सातेक दिवसांनी एकेक आपल्यावर येणार आणि इलेक्ट्रॉन पाडणार. हिशेब अगदी चोख बसला. निबंध लिहून झाला, पहिलं नाव माझं. प्राध्यापकपदाची निवड मे महिन्यात आहे. यार्मो म्हणाला, "किर्सी, हा खड्डाच तुला खुर्चीत बसवणार बघ!"

मला मात्र चैन पडेना. खड्डा जरा जास्तच शिस्तीचा होता. आधी मला यार्मोचाच संशय आला, हा आकडे फिरवतो की काय! मी त्याच्या पाठीमागे घुटमळायला लागले, ते त्याच्या लक्षात आलं आणि तो माझ्यावर चिडला. मग मी बर्फावर संशय घेतला, मग शेजारच्या बर्फगाडीवर. सूर्याचं गणित खरं असतं तर वार हळूहळू सरकायला हवा होता. हा शनिवार सोडायला तयारच नव्हता. एकदाच हलला, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, मंगळवारी. सूर्याला नाताळ कुठून कळणार? आणि त्या संध्याकाळी आपल्याकडे झाडून सगळी माणसं सॉनाच्या गरम वाफेत बसलेली असतात, हे मला कुणी शिकवायला हवं का? दुसऱ्या दिवशी मी घरी आले तेव्हा तुमचे गाल लालबुंद होते. थंडीने, म्हणालात!

शरद ऋतूत तुम्ही तुमच्या शनिवारच्या सॉनात पडलात, कोपर भाजून घेतलंत. डॉक्टरांनी एकट्याने आत जायला बंदी केली आणि ओस्मोने लाकडावर चालणारी भट्टीच उचकटून ओउलूला स्वतःच्या घरी नेली. माझा भाऊ एवढं करून निर्धास्त झाला. तुम्ही हिल्काकरवी त्याला कळवलंत, "धुराड्यातून कधी धूर दिसला नाही." विजेच्या भट्टीला धूर कुठून येणार! कुणी बसवून दिली ते मी विचारत नाही, पण हिल्काचा पुतण्या वायरमन आहे हे मी विसरलेले नाही. ती भट्टी तापायला लागली की परसातली वीज मंदावते, त्याच तारेवरचं अँटेनांचं जुनं यंत्र अर्धं बहिरं होतं आणि मला वाटतं, आभाळ कोसळतंय.

निबंध मी मागे घेतला. यार्मो म्हणाला, "माझा सूर्य तुझ्या बापाच्या सॉनात बुडाला." खुर्ची आता बहुतेक दुसऱ्या कुणाला तरी जाईल. बाबा, मला तुमचा भयंकर राग आला. ओस्मोला सगळं सांगून टाकायचं मी नक्की केलं होतं.

आणि गेल्या शनिवारी खड्डा पडलाच नाही. रेघ सरळ. मी पडद्यासमोर बसून राहिले. तुम्ही फोन उचलत नव्हतात. शेवटी हिल्काला धाडलं. तुम्ही सर्दीने बेजार होऊन घोरत पडला होतात. ती परत येऊन सांगेपर्यंत माझं काय झालं ते लिहिता येत नाही. खुर्ची, निबंध, डॉक्टर, काही आठवत नव्हतं. एकच वाटत होतं, म्हाताऱ्याने भट्टी लावायला हवी होती.

म्हणून हे पत्र. सोमवारी आमच्या संस्थेचा वायरमन येईल, यंत्राला वेगळी तार टाकायला, म्हणजे तुमचा खड्डा मला दिसायचा बंद. माझ्या सांगण्याने तो थांबणार नाही. पण जमीन तुमची आहे, तुम्ही नाही म्हणालात तर त्याला परसात फावडं लावता येत नाही. त्याला कॉफी पाजा आणि परत पाठवा. शनिवारचे ते तास मी माझ्या कामातून वगळीन, तेवढं आकाश मला नको. वर फार तापतं, खालच्या फळीवर बसत जा, दाराला कडी लावू नका. ओस्मोला मी काही सांगितलेलं नाही. आणि एखाद्या शनिवारी भट्टी लावणार नसाल, तर आधी मला फोन करा.

तुमचीच संशयी,
किर्सी