डोळ्यातल्या कॅल्शियममुळे दिवाबत्तीचे काम बदलून मिळणेबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, जि. परभणी

विषय : दिवाबत्तीऐवजी पूर्वीचे पाणी सोडण्याचे काम परत मिळणेबाबत.
संदर्भ : ग्रामपंचायतीची मला आलेली नोटीस, दि. ४ ऑगस्ट २०२५.

महोदय,

मी महारुद्र भागवत गिराम, ग्रामपंचायत कर्मचारी, मौजे बोरखेडी. आठ वर्षे सकाळी गावाला पाणी सोडत होतो, तक्रार नव्हती. जूनमध्ये ग्रामसेवक साहेबांनी कामांची अदलाबदल केली. दिवे लावणाऱ्या कडूबाईंना पाणी दिले व मला दिवे दिले.

२) मला जन्मापासून दिवस कलला की दिसत नाही. पहिल्याच आठवड्यात मी दोनदा नालीत पडलो व एकदा उपसरपंच समजून म्हशीला नमस्कार केला. उपसरपंच शेजारीच उभे होते. त्यांनी लेखी तक्रार दिली.

३) म्हणून संभाजीनगरला डोळे तपासले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी उजेड टिपतात. पण त्यांच्या टोकाला कॅल्शियम आत शिरायची दारं असतात, ती तुमची नीट उघडत नाहीत. कॅल्शियम आत गेलं तरच पेशी पुढच्या पेशीकडे रसायन सोडून निरोप देते. तुमचा निरोप तिथंच अडकतो. यावर गोळी नाही, पण हे वाढणारही नाही." दोष आईकडून येतो, असेही त्या म्हणाल्या. माझे मामा संध्याकाळी घराबाहेर का पडत नसत, ते मला त्या दिवशी कळले.

४) ग्रामसेवक साहेबांनी रिपोर्टात फक्त 'कॅल्शियम' वाचले. "हे तर हाडाचं हाय," म्हणून एक्स-रे काढायला लावला. हाडे उत्तम निघाली. तरी महिनाभर कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. त्या मी प्रामाणिकपणे खाल्ल्या. आता संदर्भीय नोटिशीत विचारले आहे की, गोळ्या खाऊनही का दिसत नाही, खुलासा करावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल.

५) गेल्या मंगळवारी माझा पाय मुरगळला, म्हणून कडूबाईंनी दिवे लावले. ग्रामसेवक साहेब आले व मला म्हणाले, "यांच्या नावानं आदेश न्हाई. बंद करा आन् तुमीच लावा." मी आदेशाप्रमाणे दिव्यांच्याच उजेडात लंगडत जाऊन सगळे बंद केले. त्यानंतर मला एकही खांब सापडला नाही. अर्धा तास गाव अंधारात होते. शेवटी कडूबाईंनी माझा हात धरून खांबाखांबाला नेले व बटणावर माझे बोट ठेवून दिवे लावून घेतले. साहेब, त्या वेळी गाव बघत होते आणि मला लय लाज वाटली.

६) कडूबाई म्हणतात, "पाण्याचा व्हॉल्व्ह लय कडक हाय, माज्यानं फिरत न्हाई. माजे दिवे मला द्या." माझे मनगट शाबूत आहे आणि सकाळी मला स्वच्छ दिसते.

तरी दोघांची कामे पूर्ववत करावीत व नोटीस मागे घ्यावी, ही विनंती. सुनावणी ठेवल्यास कृपया दुपारी ठेवावी. पाचच्या पुढे गेल्यास मी हजर राहीन, पण साहेब, मला घरापर्यंत सोडायला कार्यालयातले कोणीतरी द्यावे लागेल.

आपल्या आदेशाच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
महारुद्र भागवत गिराम
दि. १८ ऑगस्ट २०२५

सोबत : १) डोळ्यांचा रिपोर्ट २) नोटिशीची प्रत ३) कडूबाईंचे संमतीपत्र