तांबड्या शाईची रेघ

१२ फेब्रु. १९३१
दगाजी नव्या सायकलवर आला. तापी उतरताना सायकल खांद्यावर घेतली म्हणे, पाणी लागू दिलं नाही. बायकोचा भाऊ असला तरी खरं लिहितो, जळलो. मी बोरवणचा मास्तर, तो पलीकडच्या कमळोदचा. त्याची शाळा चौथीपर्यंत, माझी दुसरीपर्यंत. का, तर गेल्या खानेसुमारीत गावोगाव माणसं मोजली, तेव्हा कमळोद अकरा माणसांनी जास्त भरलं. आणि कमळोद म्हणजे तरी काय? पुरानंतर आमचीच निम्मी घरं नदीपलीकडे गेली, तेच. गावातले सगळ्यांत म्हातारे झिपाबाबा सांगतात. मूळ गाव आमचं!

१५ फेब्रु.
यंदाच्या खानेसुमारीची पहिली मोजणी झाली, काळ्या शाईत. इथं मोजणारा मी, कमळोदला दगाजी. २६ ला संध्याकाळी पक्की. तेव्हा घरात असेल तो तांबड्या शाईनं वाढवायचा, नसेल तो खोडायचा. जास्त वस्तीच्या गावाला पुढचे वर्ग, असं मोजणीचे साहेब बोलून गेले. चावडीवर मीच तोड काढली. आखाजीला, लेकींच्या माहेरपणाच्या सणाला, दोन महिने आहेत, पण लेकींना आत्ताच माहेरी आणा. बहुतेक कमळोदलाच दिलेल्या. तिथं वजा, इथं जमा. पाटील खूश.

२३ फेब्रु.
बहीण आली, गंगू. दोन पोरांसह. दगाजीची बायको-पोरं माझ्या कागदावर! दिवसभर मनात गुदगुल्या.

२४ फेब्रु.
दगाजी गाडी घेऊन दारात. माझ्या बायकोला, रखमाला न्यायला. म्हणे आखाजीसाठी! आमच्या निम्म्या सुना कमळोदच्या, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. रखमाला म्हटलं, जाऊ नकोस. "तुम्ही बहीणले बलायं, मना भाऊनी माले बलायं. मी जास." आमच्या चंदूला कडेवर घेऊन गाडीत बसली. भावाशी बोलताना केवढी हसत होती. माझ्याजवळ तशी कधी हसली, आठवत नाही.

२६, गुरु.
आलेल्या लेकी तेवीस. गेलेल्या सुना पंचवीस. घरोघर खोडत खोडत दिवेलागणीला स्वतःच्या घराशी आलो. रखमा, वय बावीस. माझ्याच हातानं तांबडी रेघ. खाली चंदू, वय दोन. तीही रेघ मारली. पलीकडे दगाजी त्याच वेळी दोघांना लिहून घेत असणार. अक्षरसुद्धा माझ्याहून चांगलं मेल्याचं.

१ मार्च
मोजणी झाली तरी रखमा नाही. गंगूही हलत नाही. विचारलं, तर भाकरी थापता थापता म्हणाली, "त्या लेवाले येतीन, तवय जासू. तू वहिनीले लेवाले कवय जाशी?" दोघींचं आधीच ठरलेलं दिसतं. आधी मी रखमाला न्यायला जायचं? दगाजीच्या दारात? मुळीच नाही.

३ मार्च
खाटेखाली चंदूचा लाकडी बैल सापडला. एक शिंग मोडलेलं. शाळा लवकर सोडली. धुतलेला सदरा घालून नदीवर, सहज.
पलीकडे बाभळीला सायकल टेकवलेली. शेजारी दगाजी. तोही सहजच आला असेल.
दोघं आपापल्या काठावर. मधे गुडघाभर पाणी. बैल खिशात. मग दोघांनीही एकदमच धोतर वर खोचलं.