आत्याला समजावून सांगायचं काम

९ जानेवारी

दादांचा फोन. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बापाला माझं काम पडलं. "तू तसाबी मोकळाच फिरतूस. पालीला जा, वनमालाला समजावून सांग. तुझं ऐकती ती."

वनमाला म्हणजे माझी आत्या, दादांची धाकटी बहीण. तिचा नवरा, म्हणजे मामा, वारल्यापासून पालीत एकटी राहते, अंगणवाडीत मदतनीस आहे. आता ती परत लग्न करणार आहे — शहादेवशी. फाट्यावर त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. तिच्या विहिरीची मोटार जळाली की तोच नवी तार भरून द्यायचा. त्याचीही बायको वारलेली.

दादांना पंचायत समितीला उभं राहायचंय. अर्जुनरावाच्या, म्हणजे दादांच्या, बहिणीनं चाळिशीत लग्न केलं तर लोक हसतील म्हणे.

१० जानेवारी

इथं बीडात इंग्लिशच्या क्लासला गेलतो. आजचा शब्द 'डिस्करेज'. बिभीषण सरांनी फळ्यावर अर्थ लिहिला — परावृत्त करणे, नाउमेद करणे. परावृत्त! आमच्या नांदूरघाटात हा शब्द कुणी तोंडात घेतला नसेल. आमच्यात याला समजावून सांगणं म्हणतात. मला सगळे तेच करत आले. पुण्याला जाऊ नको, हॉटेलात राबू नको, टेम्पो धरू नको, क्लास लावू नको. मी सगळं केलं. धड एकही केलं नाही, पण केलं.

वाक्य करायला सांगितलं तर मी उभा राहिलो. माय फादर सेंट मी टू डिस्करेज माय आंट टू मॅरी.

सर म्हणाले, "टू मॅरी नाही. फ्रॉम मॅरिइंग. आधी माणूस, मग फ्रॉम, मग ज्यापासून त्याला मागं ओढायचं ते काम."

शेजारी सटवा बसतो. हळूच म्हणाला, "खरंच पाठवलं का बे?"

"व्हय."

"मग जा की. हितं कावून बसलास?"

१२ जानेवारी

पालीला निघालो. वाटेत धरणावर मासे धरणारे दिसले. ट्यूबवर बसून जाळं टाकत होते. मलाही बसू दिलं. आत्याकडं पोचलोच नाही.

१३ जानेवारी

पोचलो. आत्यानं दारातच ओळखलं. "दादानं धाडलं का? जेव आधी. मग बोल."

भाकरी, मेथी, ठेचा. पाठ करून आणलेलं निम्मं जेवतानाच विसरलो. तरी म्हणालो, "आत्या, लोक हसतेल."

"हसू दे की. इतकी वर्षं मला रडतानी बघितलं त्यांनी. आता हसतेत, बरंच हाय."

"पण या वयात कावून?"

"रव्या, ताप आल्यावर पाणी दे म्हणून विहिरीच्या मोटारीला सांगू का?"

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"झालं का तुझं समजावून?"

"झालं."

"मग शेळीला पाला टाक."

पाला टाकला. मग तिनंच सांगितलं. बीडला सरकारी कचेरीत लग्न. तीन साक्षीदार लागतात. शहादेवचा दोस्त राधाकिशन एक. तिच्या बाजूनं कुणीच नाही.

१५ जानेवारी

आय कुड नॉट डिस्करेज माय आंट फ्रॉम मॅरिइंग.

सर म्हणाले, बरोबर. आख्खं वाक्य बरोबर यायची माझी पहिलीच वेळ.

१८ जानेवारी

म्हटलं आत्या ऐकत नाही तर नवरदेवाला सांगून बघू. शहादेव तांब्याची तार गुंडाळत बसलेला. मी म्हणालो, "आमची आत्या लई तिरसट हाय."

"म्हाईत हाय. एकच मोटार तीनदा परत आणली तिनं. आवाज करती म्हणून."

"मग?"

"करत व्हती आवाज." चहा मागवला. दुपारभर त्याच्याकडून तार गुंडाळायला शिकलो. आवडला माणूस मला.

२७ जानेवारी

आज आत्या आणि शहादेवनं बीडच्या कचेरीत लग्नाची नोटीस दिली. तिथल्या फळ्यावर लागली. आता महिनाभर थांबायचं, कुणाला हरकत घ्यायची तर घ्यावी म्हणून. मी क्लार्कला विचारलं, घरच्यांना आवडत नसलं तर? तो म्हणाला, "न आवडणं ही हरकत होत नाही."

बाहेर आल्यावर आत्याला सांगितलं — मी सही करतो. ती रिक्षात बसेपर्यंत माझं मनगट धरून होती.

३१ जानेवारी

घरी गेलतो. नोटिशीचा फोटो माझ्याआधी पोचलेला.

"तुला कशाला धाडलं व्हतं?" दादा.

"समजवायला."

"मग?"

"तिला सगळं समजतंय. मलाच समजंना, करू नये कावून."

दादा पलंगावरून उठले. थोरला भाऊ शिवशंकर मध्ये आला म्हणून वाचलो. "सही केलीस तर या उंबऱ्यात पाय ठेवू नको," म्हणाले. मी म्हणालो, "असाबी मी कुठं ठेवतो?" बोलून गेलो. पण परत घेणार नाही.

माय ज्वारी पाखडत होती. एवढंच म्हणाली, "निघ आता, एसटी चुकंल." तिनंही हाकललं. हे मात्र लागलं.

२० फेब्रुवारी

तिसरा साक्षीदार म्हणून सटवा तयार होता. दादांनी त्याच्या चुलत्याला फोन केला. सटवा आता माझा फोन उचलत नाही.

मग सरांना विचारलं. हाताचा खडू पुसत म्हणाले, "रविराज, मला बीडात क्लास चालवायचाय." थांबून म्हणाले, "युवर फादर डिस्करेज्ड मी." मागं फ्रॉम लावला नाही. कशापासून ते दोघांनाही माहीत होतं.

क्लास सोडला. नाउमेद झालो म्हणून नाही. शिकायचं ते शिकलो.

२ मार्च

दादांचा फोन. "मंगळवारी घरातलं कुणी बीडला गेलेलं मला चालायचं न्हाई. सगळ्यांना सांगितलंय." मी म्हणालो, मी आधीच बीडात हाय.

३ मार्च

लग्न उद्या. तिसरा साक्षीदार अजून नाही. आत्या म्हणते, पुढची तारीख घेऊ. मी नाही म्हणालो. आज पुढं ढकललं की उद्या आणखी कुणी समजवायला येईल. रिक्षा स्टँडवरून माणूस आणीन. कुणीतरी असेलच, ज्याला दादा ओळखत नाहीत.

४ मार्च

स्टँडवर जायला कचेरीचा जिना उतरत होतो, तर माय वर येत होती. खाली मोटरसायकलवर शिवशंकर, तोंड रस्त्याकडं करून.

"कुठं करायची सही?" मायनं विचारलं.

सावकाश, एकेक अक्षर जोडून तिनं पूर्ण नाव लिहिलं. मधलं नाव दादांचं. तेही लिहिलं.